गणपतीच्या रंगावरून सोसायटीच्या ग्रुपवर

वैशाली बी-२०४: शिंदे साहेब, मूर्तीचा फोटो बघितला. सुरेख आहे. पण पीतांबर झगझगीत फ्लोरोसंट पिवळा, उपरणं राणी कलरचं, मुकुट-दागिने सगळे सोनेरी रंगाचे. गेल्या वर्षीची विसर्जनाची टाकी इतक्यात विसरलो का आपण?

शिंदे सचिव: ताई, मूर्ती शाडूचीच आहे, २ फुटांची. मीटिंगमध्ये तुमच्याच आग्रहावरून ठरलं. आता काय राहिलं?

वैशाली बी-२०४: रंग राहिला. माती कुठली ते सगळे विचारतात, रंग कुठला ते कोणी विचारत नाही.

पवार ए-३०१: नदीत नाल्यांचं सांडपाणी सोडतात ते आधी बंद करा, मग बाप्पाकडे वळा 🙏

रोहन ए-४०२: टाकीचं काय झालं होतं? आम्ही नंतर राहायला आलो.

सुनंदाकाकू सी-१०२: अरे, शाडू रात्रीत खाली बसला आणि वर गुलाबी पाणी, त्यावर चकचकीत तवंग. माळ्याने तेच कुंड्यांना घातलं. माझा सोनचाफा गेला.

देशपांडे काका ए-१०१: सोनचाफा पाणी न मिळाल्याने गेला. दिवाळीत तुम्ही नागपूरला होतात.

सुनंदाकाकू सी-१०२: किल्ली तुमच्याकडेच दिली होती काका.

शिंदे सचिव: कृपया विषयाला धरून बोला.

देशपांडे काका ए-१०१: विषयालाच धरून बोलतो. देव रंगवलेलाच हवा. कच्ची मूर्ती मखरात ठेवलीत तर आरतीला आलेला माणूस विचारेल, रंगकाम कधी सुरू करताय?

रोहन ए-४०२: 😂😂 बिल्डिंगच्या रंगकामासारखं होईल काका, निविदेतच अडकेल.

शिंदे सचिव: रोहन, निविदेचा विषय सर्वसाधारण सभेत.

वैशाली बी-२०४: काका, बिनरंगाची मूर्ती आणा असं मी कुठे म्हटलं? स्वस्त रंगांत शिसं, क्रोमियम, कॅडमियम असू शकतं. शिसं कुजत नाही, गाळात बसतं आणि तिथून किडे, शिंपले, मासे यांच्या अंगात जातं. घराच्या भिंतीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर चालत नाही, १ नोव्हेंबर २०१७ पासून तसा नियम आहे. मूर्तीसाठी सुटी पुडी आणली तर ती कोण तपासतं? आणि शाडू लवकर विरघळतो म्हणजे त्याच्यावरचा रंगही लवकर पाण्यात येतो.

पवार ए-३०१: शाडू म्हणजे इको फ्रेंडली. विषय संपला. आणि नाल्यांचं काय ते आधी बोला 🙏

वैशाली बी-२०४: पवार साहेब, नाला आपल्या हातात नाही. मूर्तीची ऑर्डर आहे.

नेहा डी-५०२: रंगाच्या लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते. फ्लोरोसंटमध्ये सहसा शिसं नसतं. पण तो रंग म्हणजे राळेच्या बारीक कणांत मुरवलेला डाय, म्हणजे जवळजवळ प्लास्टिकची पूडच. सोनेरीत दोन प्रकार. अभ्रकाच्या चकाकीचा असेल तर फारसं बिघडत नाही. पितळेच्या भुकटीचा असेल तर त्यात तांबं आणि जस्त, आणि तांबं माशांना फार बाधतं. नुसता फोटो बघून कुठला ते कळत नाही, डबाच मागवावा लागेल.

वैशाली बी-२०४: हेच. डबा मागा.

कदम सी-४०१: आमच्या घरची पीओपीची. पालिका देते त्या अमोनियम बायकार्बोनेटमध्ये घरीच विरघळवतो, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची (एनसीएल) पद्धत. उरलेलं पाणी झाडांना खत.

नेहा डी-५०२: अमोनियम सल्फेट होतं, खत म्हणून बरोबर. पण वरचा रंग त्या पाण्यातच राहतो कदम काका. कुंड्यांना घालण्याआधी विचार करा.

कदम सी-४०१: आता घरच्या गणपतीवरही समिती बसवणार का?

शिंदे सचिव: कदम साहेब, कुणीही कुणाच्या घरात शिरत नाहीये.

म्हात्रे बी-३०३: माझं आजोळ पेणचं, मामांचा कारखाना होता. गेरू भिजवायचा, वस्त्रगाळ करायचा, त्यात डिंकाचं पाणी. पिवळ्याला पिवडी, काळ्याला काजळी. आखणी सगळ्यात शेवटी आणि ती एकट्या मामांचीच. श्वास रोखून एका रेघेत पापणी ओढायचे, तोवर आम्हाला खोलीत बोलायची बंदी. त्या गेरूला चमक नव्हती, पण समई लावली की सोंडेचा गोलवा, पोटावरची वळी सगळं घडणीतून दिसायचं. आताच्या चकचकीत रंगात बारीक घडण बुजते.

देशपांडे काका ए-१०१: हे मात्र खरं. माझ्या वडिलांच्या वेळची मूर्ती तशीच असायची.

रोहन ए-४०२: मग कारखान्यांनी सोडलं का ते?

म्हात्रे बी-३०३: गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवून ‘अस्साच चमकता’ म्हणतं. गेरू पावसाळी हवेत वाळता वाळत नाही, हात लागला की बोटाला येतो. स्प्रेने एका दिवसात ओळच्या ओळ उरकते. कारागिराला दोष देऊ नका, मागणी आपलीच.

पवार ए-३०१: नाले. कुणीच उत्तर देत नाही.

सुनंदाकाकू सी-१०२: पवार, नगरसेवकांना पत्र लिहा, पहिली सही माझी. आता गणपतीचं बोलू द्या.

वैशाली बी-२०४: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही विषारी रंग नकोत, नैसर्गिक वापरा आणि सजावट काढता येईल अशी ठेवा, असंच आहे. मी काही नवीन काढलेलं नाही.

शिंदे सचिव: मान्य. पण अर्धी आगाऊ रक्कम दिलीय. कारखानदार आता रंग बदलेल?

म्हात्रे बी-३०३: आत्ताच फोन केला. आपली मूर्ती अजून कच्चीच आहे, तो फोटो नमुन्याचा होता. गेरू-पिवडीत करून देतो म्हणाले. आठ दिवस जास्त लागतील आणि थोडे पैसे वाढतील. दागिने मूर्तीवर रंगवणार नाहीत.

देशपांडे काका ए-१०१: मग मुकुट?

सुनंदाकाकू सी-१०२: मुकुट-हार मी पुठ्ठ्याचे करते, सोनेरी कागद लावून. विसर्जनाआधी उतरवून पुढच्या वर्षीला ठेवायचे.

देशपांडे काका ए-१०१: ठीक. वाढीव पैसे माझ्याकडून घ्या. डोळे मात्र नीट आखायला सांगा.

शिंदे सचिव: कुणाची हरकत असेल तर आज रात्री १० पर्यंत कळवा. उद्या सकाळी म्हात्रे आणि वैशालीताई कारखान्यात जाऊन रंग बघून येतील, मग उरलेले पैसे.

पवार ए-३०१: हरकत नाही. पत्राचा मसुदा उद्या टाकतो, सह्या सगळ्यांच्या हव्यात.