ग्लोब_मॅच लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सामायिक लायब्ररीत का नेले?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ): डिस्कच्या मॉडेलचे नाव नमुन्याशी जुळवणारे हे फंक्शन लिबएटीएमध्ये (कर्नलमधील डिस्क हाताळणाऱ्या भागात) व्यवस्थित चालत असताना २०१४ मध्ये ते सामायिक लिब फोल्डरमध्ये हलवण्याचे कारण काय असावे?

उत्तर १: केवळ हलवले नाही, नव्याने लिहिले. जुने फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावत असे; अशा प्रत्येक हाकेला स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या नोंदींच्या मेमरीत) जागा लागते आणि कर्नलचा स्टॅक तोकडा असतो. नवे फंक्शन जुळणी फसल्यास नमुन्यातील शेवटच्या ताऱ्यापर्यंतच (*, म्हणजे कोणताही मजकूर) मागे येते. म्हणजे '*गाव' हा नमुना 'गावंडगाव'शी जुळवताना पहिल्या 'गाव'नंतर मजकूर उरलेला दिसताच ते ताऱ्याकडे परतते आणि पुढचा 'गाव' शोधते.

उत्तर २: शिवाय पुढे एफट्रेसलाही (कर्नलमधील फंक्शनांचा माग काढणाऱ्या साधनालाही) तेच वापरता आले. मात्र नमुन्यातील प्रश्नचिन्ह (?) कोणत्याही एका बाइटशी जुळते, आपल्या देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत किमान तीन बाइट लागतात.

प्रश्नकर्ता: स्टॅकचा मुद्दा पटला, आभारी आहे.