माय चहा घेतल्याचं विसरते. व्यायाम वर्गाने डोक्यात फरक पडतो का?

खारपाणपट्ट्यातली (दर्यापूर तालुका)

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका. गाव लहान, दोनशे उंबऱ्यांचं. आमच्या सासूबाईंना घरातच नाही, गल्लीतही सगळे माय म्हणतात. वय सत्तरच्या पुढे. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी वावर सोडायला लावलं, तेव्हापासून ओटा आणि त्या. यंदाच्या संक्रांतीपासून एक नवीनच सुरू झालंय. कपबशी धुऊन पालथी घालत नाही तोच विचारतात, "मी चहा घेतला का वं?" परवा वरणात दोनदा मीठ पडलं. पण चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात वांग्याची भाजी कमी पडली होती, ते अजून बिनचूक सांगतात, नावानिशी.

व्यायामाने मेंदूही तरतरीत राहतो, असं एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. म्हणून २१ जूनला, योगदिनाचं निमित्त साधून समाजमंदिरात बायांचा वर्ग काढला. पहाटे साडेपाच, मोबाइलवर व्हिडिओ लावून. पहिल्या दिवशी बावीस बाया आल्या, फोटो झाले. आठव्या दिवशी अकरा. आज मी, माय आणि नववीतली एक पोरगी, तीही कबड्डीच्या निवडीसाठी. बाया तोंडावर सांगतात, "दिवसभर निंदतो, पुढं कापूस वेचाचा हाय, तेच काय कमी हाय? तुले जमते बाई." आधी राग आला. मग वाटलं, खोटं काय बोलल्या?

बाहेर चालायचं म्हटलं तर या दिवसांत पांदणीने दहा पावलं गेलं की चपलेला किलोभर काळी माती. व्यायामाची लोखंडी यंत्रंही गावात आहेत. एकाला बकरी बांधलेली असते, दुसऱ्यावर गोधड्या वाळतात.

तर विचारायचं हे की मेंदूला खरंच काही होतं, की नुसतं सांगण्यापुरतं? वावरातलं काम व्यायामात धरायचं का? आणि हा वर्ग टिकवू कसा?

फिजिओ, अमरावती

ताई, वर्गाचं नंतर. आधी मायला डॉक्टरांना दाखवा. सहा-सात महिन्यांत विसरणं असं वाढलं असेल तर रक्तातलं बी-१२, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, बीपी मोजा, कानाने कमी ऐकू येतं का तेही बघा. घर माळकरी असेल, अंडं-मटण चालत नसेल, तर बी-१२ सोडूच नका. यातलं काही निघालं तर त्यावर उपाय आहे. ते न करता नुसता व्यायाम करून घेतला तर वेळ वाया जाईल.

आता मेंदूचं. अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ५५ ते ८० वयाची १२० माणसं घेतली होती. एका गटाला आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं, थोडं थोडं वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत. दुसऱ्या गटाला अंग ताणायचे हलके व्यायाम दिले. वर्षाने एमआरआय काढला. नव्या आठवणी बसवणारा जो भाग, हिप्पोकॅम्पस, तो चालणाऱ्यांचा सुमारे २ टक्के वाढला होता. दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटला होता, वयानुसार तो घटतोच. जुनी वांगी लक्षात आणि आत्ताचा चहा गायब, ही तक्रार याच भागाची असू शकते. आणि तुमच्या व्हिडिओत नुसतं अंग ताणणं असेल तर तुमचा वर्ग दुसऱ्या गटात मोडतो, हेही बघा. दम थोडा लागला पाहिजे. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका.

मात्र एका प्रयोगावर नाचू नका. सगळ्याच अभ्यासांत इतका फरक दिसलेला नाही, आणि जडलेला स्मृतिभ्रंश व्यायामाने जात नाही. फिनलंडमध्ये १२६० ज्येष्ठांना दोन वर्षं व्यायाम, आहार, बुद्धीला चालना देणारा सराव आणि बीपी-साखरेवर लक्ष, असं सगळं एकत्र दिलं. २०१५ साली निकाल आला. फायदा मोठा नव्हता, पण होता.

वावरातल्या कामाबद्दल तुमच्या बाया बरोबर आहेत. जागतिक आरोग्य संघटना कामातली हालचालही मोजते. तिच्या हिशोबाने आठवड्याला किमान १५० मिनिटं हवीत, निंदणारी बाई ती एका दिवसात पार करते. तिला पहाटे साडेपाचला उठबशा कशाला? वर्ग वावर सुटलेल्यांसाठी ठेवा. पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं ती संघटनाच सांगते. हात न टेकता खुर्चीतून उठणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, यापासून सुरू करा. आणि पाय चालू असताना तोंडाला काम द्या, उलटे आकडे म्हणणं वगैरे.

तात्या

बाई, तो व्हिडिओ बंद कर पह्यले. मोबाइलकडं पाहून हात हालवनं म्हंजे फोटोतल्या पुरनपोळीवर तूप वाढनं. गावात शाळा हाय ना? मंग लेझमी असतीनच एखाद्या खोलीत धूळ खात. म्या पोट्टा होतो तवा आखाड्यात लेझीम खेळलो. चार ताल, अन् एक चुकला का बाजूवाल्याच्या हातावर आदळते. डोस्कं जागं ठेवाच लागते, झोपेत जमत नाई. आपलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हाय, तिथले गडी १९३६ ले बर्लिनच्या ऑलिंपिकमदी आपले देशी खेळ दाखवून आले. अन् आपन मोबाइलवर शिकतो!

फकस्त गुडघेवालीले वाकवू नको. उभ्यानंच खेळव. फुगडी तर बिलकुल नाई, पडली तर खुबा मोडते.

धानपट्टा, भंडारा

आमच्याकडे धानाच्या रोवण्याला महिनाभर कोणी येत नाही. आधी वाईट वाटायचं, मग मीच वर्गाला सुट्टी जाहीर करायला लागले. सुट्टी दिली की बाया परत येतात, गळाल्या म्हटलं की लाजेने येतच नाहीत. वेळ बदलून बघा, आमचा वर्ग संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी असतो. आणि हजेरीची वही ठेवू नका, बायांना शाळेत आल्यासारखं वाटतं.

खारपाणपट्ट्यातली

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, पोळा होता.

मायची तपासणी केली. बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. एका कानाने कमी ऐकू येतं हेही कळलं. आम्ही म्हणत होतो, मनावर घेत नाही. आता पुढे फरक पडला तर तो इंजेक्शनने की व्यायामाने, हे कोण सांगणार. घरात त्यावरून वाद आहेच.

वर्ग आता संध्याकाळी पाचला, आठवड्यातून चार दिवस. सगळ्या साठीपुढच्या, नऊ जणी. निंदणाऱ्या बाया येतात, पण दारात बसून हसायला. समाजमंदिराच्या आत भिंतीला धरून फेऱ्या मारतो, म्हणजे चिखलाचं कारण संपलं.

फिजिओ सरांनी सांगितलेले उलटे आकडे पहिल्याच दिवशी फसले. माय म्हणाल्या, "शाळेत कोन गेलं होतं वं?" मग मी म्हटलं, पावसाची नक्षत्रं म्हणा, स्वातीपासून मागे. एक पाऊल, एक नक्षत्र. स्वाती, चित्रा, हस्त, उत्तरा, पूर्वा, मघा... आणि तिथे माय थांबल्या. एक टाच उचललेली, बोटं भिंतीवर. मागच्या बाया त्यांच्या पाठीवर येऊन थांबल्या. मी सांगायला तोंड उघडलं तर हाताने गप्प केलं. दारातल्या एकीने हळूच पुटपुटलंच, "आश्लेषा". माय तिच्यावर अशा खेकसल्या की बस. "मले येत होतं! मंदात काऊन बोलली?" पुन्हा स्वातीपासून सुरू. दुसऱ्या फेरीत मृगापर्यंत सरळ गेल्या. चहाचं मात्र अजून विचारतात, पूर्वी दिवसातून पाच-सहादा, आता दोन-तीनदा. मी मोजत नाही, मुलगा मोजतो.

तात्या, शाळेतून बारा लेझमी मिळाल्या, हेडमास्तरांनी लगेच दिल्या. पण चारांच्या साखळ्या तुटल्या आहेत. तारेने बांधल्या तर चालतील का?

तात्या

तार नको, हात कापते बुढ्यांचे. साखळी लोखंडाच्या दुकानात भेटते, वजनावर. लेझीम संग ने, नाईतर दुकानवाला जाड देईन.