मोटरमन नवऱ्याची झोप उडाली आहे, काय करू?

माझे मिस्टर मुंबई लोकलवर मोटरमन आहेत. तीन आठवड्यांपूर्वी एक मुलगा त्यांच्या गाडीखाली आला. ब्रेक मारला होता, पण गाडी थांबते कुठे लगेच! आता झोपेत हात घट्ट दाबून धरतात, डेडमॅन हँडल धरल्यासारखा (गाडी चालवताना दाबून धरायचं हँडल, सोडलं की आपोआप ब्रेक लागतो). जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, "मी सायको टेस्ट पास आहे. वेडा ठरलो तर गाडी जाईल हातातून."

निवृत्त मोटरमन: वहिनी, ती सायको टेस्ट, म्हणजे रेल्वेची क्षमता चाचणी, वेगळी. त्यात स्मरणशक्ती, एकाग्रता, अंतराचा अंदाज बघतात, प्रत्येक भागात किमान 42 टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेले गुण) लागतो. मनावरचा घाव त्यात मोजतच नाहीत. माझ्या गाडीखाली पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या शर्टाचा रंग मला आजही आठवतो. मी कुणाला बोललो नाही, ती माझी चूक झाली. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर कधीही सांगा.

समुपदेशक: महिना होत आला तरी दचकणं, झोप न लागणं कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. यावर उपचार आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, काही अपवाद सोडून. आज रात्रीच बोलायचं तर टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. मोफत, चोवीस तास. तुम्हीही करू शकता. आणि झोप नसताना ड्यूटी नको, हे त्यांना नक्की सांगा.

मूळ प्रश्नकर्ती: दादा, तुमचं ते शर्टाच्या रंगाचं त्यांना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच रडले. उद्या फोन लावतोय.