जात बघून फ्लॅटचं हस्तांतर अडवता येतं का?

प्रश्न: विश्रामबाग, सांगली. सौदा ठरलाय, पण सोसायटीची कमिटी म्हणते, आमच्याच समाजाला विका, नाहीतर एनओसी नाही. काय करावं?

उत्तर: आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) हस्तांतराला एनओसी लागतच नाही. खरेदीदाराचा सभासदत्वाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी नकारावर गप्प बसतात तिथंच लोक फसतात. ३ महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर सभासदत्व मिळाल्याचं धरलं जातं. लेखी नकार आला तर २ महिन्यांच्या आत सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अपील.

उत्तर: आधी सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी वाचा. २००५ च्या झोरोस्ट्रियन (पारशी) सोसायटी निकालात सर्वोच्च न्यायालयानं उपविधीतली समाजाची अट मान्य केली होती, हे दुर्दैवानं खरं आहे.

उत्तर: कारण अस्पृश्यतेचं असेल तर तो सरळ गुन्हा. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, कलम ४. पोलिसांत जा.