पहिली ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी) स्की घ्यायचीये, रुंदी ८८ मिमी की १०४? (डेन्व्हर)

निमूट_प्रवासी:
मंडळी, डेन्व्हरला येऊन चार वर्षं झाली, स्कीइंगचा तिसरा सीझन संपत आलाय. पहिल्या वर्षी लव्हलँडच्या स्की रिसॉर्टला बनी स्लोपवर (नवशिक्यांच्या उतारावर) पिझ्झा करत (स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू फाकवून) उतरलो, आता निळे (मध्यम) रन दोन्ही स्की समांतर ठेवून पॅरलल टर्न घेत आरामात होतात, एखादा सोपा काळाही (अवघड) जमतो पण मोगल्स (बर्फाचे उंचवटे) आले की सगळं शिकलेलं विसरून परत पिझ्झा. उंची १७४ सेंमी, वजन ७४ किलो (दिवाळीनंतर ७७). आत्तापर्यंत भाड्याच्या १६० सेंमी लांबीच्या वापरतोय, जरा वेग घेतला की पुढची टोकं एसटीच्या खिडकीसारखी थडथडतात. सेल लागलेत म्हणून एका दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणे कोलोराडोत राहतोस ना, पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) असते, सरळ १०४ घे. दुसरीकडे एक जण २०१२ ची जोडी बाइंडिंगसकट (बूट स्कीला अडकवणारं, पडल्यावर सुटणारं यंत्र) १२० डॉलरला देतोय. बायको म्हणते आधी गॅरेजमधली ट्रेडमिल विक. वर्षाला १२-१५ दिवस जातो, बहुतेक शनिवारी, म्हणजे त्यातला निम्मा वेळ डोंगराकडे जाणाऱ्या आय-७० हायवेच्या ट्रॅफिकमधेच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटवाट:
बूट कोणाचे? भाड्याचे असतील तर स्कीचा विषय आत्ता बाजूला ठेव. मी उलटं केलं होतं, आधी सेलमधे स्की घेतल्या आणि भाड्याच्या बुटांवर दोन सीझन काढले. बूट मोठा, टाच आत वर-खाली होणार, म्हणून बकल आवळायचो की तळवा बधिर, आणि वळायला गेलं की आधी पाय आतल्या आत वळतो मग सावकाश बूट मग स्की. एवढा मोठा बूट असून डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं, कारण पाय पुढे घसरून आपटत होता. शेवटी बूटफिटरकडे गेलो. त्याने लायनर (आतला मऊ बूट) बाहेर काढला, नुसत्या शेलमधे (बाहेरच्या कडक कवचात) पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकव म्हणाला आणि टाचेमागे स्वतःची बोटं घालून बघितली. तीन आरामात गेली, जायला हवीत दीड ते दोन. मी मोंडो (स्की बुटाचं माप, पावलाची लांबी सेंमीमधे) २८ घालत होतो, निघालो २६.५. पहिल्या दिवशी पाय सांडशीत धरल्यासारखा वाटला पण चार-पाच दिवसांत लायनर दबून बसतो. तुझ्या वजनाला फ्लेक्स (बुटाचा कडकपणा) १०० च्या आसपास पुरे.

साखरभात:
+१ बुटांबद्दल. मी व्हर्मॉन्टमधे स्की करते, आमच्याकडे बर्फ म्हणजे फरशीच, त्यामुळे माझ्या ८२ च्या आहेत. तो आकडा म्हणजे स्कीची पायाखालची रुंदी, मिलीमीटरमधे. जेवढी अरुंद तेवढी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाते, रुंद असली की मऊ बर्फात तरंगते पण कडक बर्फावर कडेवर उभी करायला गुडघ्याला जोर लागतो. आणि तू अजून तेच शिकतोयस ना, कडेवर जायचं! कोलोराडोत पावडर पडते मान्य, पण शनिवारी तू ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत ती शिल्लक कुठे असते? ८५ ते ९२ मधलं काहीतरी बघ, आणि खरंच फूटभर पडला तर त्या दिवसापुरती रुंद जोडी भाड्याने घे.

शिळोप्याचा:
आम्ही पुण्यात सिंहगड उतरताना जे घसरतो त्याला ऑल-माउंटन म्हणतात का? ह. घ्या.

बाजी_९६:
मी थोडा असहमत. ८८ घेशील आणि दोन वर्षांत कंटाळशील, परत खर्च. मँट्रा किंवा एन्फोर्सर ही मॉडेलं बघ, ९४-९६ रुंदी, आत मेटल, वेगात थडथड नावाला नाही. माझ्याकडे गेली सहा वर्षं एकच जोडी आहे, झाडांत, कुस्करलेल्या बर्फात, सगळीकडे चालते. थोडं वर जाऊनच घ्यावं.

घाटवाट:
बाजीराव, वाढत्या अंगाचे कपडे लहान पोरांना घेतात. तुमचं वजन मागे एका धाग्यात तुम्हीच ९० च्या वर सांगितलंय, शिवाय तुम्ही स्कीवर दाब देऊन ती वाकवता. ७४ किलोचा माणूस अजून मागे रेलत असेल (मोगलमधे पिझ्झा म्हणजे रेलतोच) तर दोन मेटल शीटवाली स्की वाकतच नाही, ती त्याला घेऊन जाते. अवांतर, त्या शीटचं टायटॅनल नावावरून टायटॅनियम वाटतं पण मुळात अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे.
निमूट, लांबी मात्र वाढव. १६० वर अडकू नकोस, १७० च्या आसपास घे. टोकं रॉकरने (वरच्या बाजूला दिलेल्या बाकाने) वर उचललेली असतात, तेवढा भाग कडक बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे आकडा वाटतो तेवढी लांब लागत नाही. मेटल नको असेल तर रिपस्टिक ८८ हे मॉडेल बघ, मेटलच हवं असेल तर ब्राह्मा ८८. पण आधी डेमो घे (भाड्याने चालवून बघ), बरीच दुकानं ते पैसे विकत घेताना वजा करतात.

साखरभात:
आणि ती १२० वाली जोडी अजिबात नको. बाइंडिंग कंपन्या दर वर्षी यादी काढतात, कुठल्या मॉडेलची जबाबदारी त्या घेतात त्याची. यादीतून गेलेल्या बाइंडिंगला दुकानदार हात लावत नाही, म्हणजे तुझ्या बुटाला ती बसवून, डिन (किती जोराला सुटायचं ते सेटिंग) लावून, टेस्ट करून देणार कोण? घरी स्क्रूड्रायव्हरने करू नकोस प्लीज. माझ्या ओळखीत एकाचं बाइंडिंग पडल्यावर सुटलंच नाही, गुडघ्यातली एसीएल ही लिगामेंट फाटली, नऊ महिने घरी. तसंच नव्या बुटांचे सोल ग्रिपवॉक (चालायला सोपे, वळणदार) असतील तर जुनी बाइंडिंग बहुतेक चालत नाहीत. नवीन घेताना बाइंडिंगच्या ब्रेकची (सुटलेली स्की थांबवणाऱ्या पायांची) रुंदीही बघ, ८८ च्या स्कीला ९० चा ब्रेक ठीक.

निमूट_प्रवासी:
सर्वांचे आभार, उशिरा लिहितोय. बूट घेतले, मी २७.५ समजत होतो, २६ निघाले, फिटर हसला. मग कॉपर रिसॉर्टला एका दिवसात दोन डेमो केले. सकाळी मेटलवाली ८८, ग्रूमरवर (मशीनने सपाट केलेल्या उतारावर) काय मस्त, रुळावर असल्यासारखी, वाटलं हीच. जेवणानंतर बर्फ मऊ होऊन ढिगारे झाले तिथे दुसऱ्याच वळणाला तिने मला झाडाकडे नेलं. बाजीराव, तुमच्याकडे दोन वर्षांनी येतो. दुपारी रिपस्टिक, १७२ ची. वेगात किंचित हलकी वाटते पण मोगलमधे सलग पाच वळणं झाली, पिझ्झाशिवाय. सेलमधे तीच घेतली.
त्यात डावी-उजवी वेगळी असते हे घाटवाट तुम्ही सांगितलं नाहीत. स्कीवर लिहिलेलं असतं म्हणे. अर्धा दिवस उलटी घालून फिरलो, शेवटी लिफ्टवर शेजारी बसलेल्या आजोबांनी खाली वाकून दाखवलं.

घाटवाट:
😀 आता उन्हाळ्यात ठेवताना कडा पुसून वॅक्सचा जाड थर लाव, खरवडू नकोस. ट्रेडमिल विकलीस का?