चर्चा: भूगोलाचं तयार साहित्य वाटायचं, की त्यामागचा विचारही?

होकायंत्र (मूळ धागा)

परवा ऋतूंचा पाठ घेतला. मध्ये सूर्य म्हणून दिवा, भोवती पृथ्वीच्या चार स्थिती दाखवणारे थर्मोकोलचे चार गोळे, प्रत्येकात अक्ष म्हणून विणायची सुई. प्रतिकृती एका सहकारी शिक्षिकेने दिलेली, तिला ती आणखी कुणी दिलेली. सोबत फोटो, कृती आणि प्रश्नही तयार होते. पाच मिनिटांत एका मुलीने विचारलं, "बाई, चारही सुया दिव्याकडेच झुकल्यात. मग उत्तर गोलार्धात हिवाळा येणार कधी?"

मुलगी बरोबर होती. अक्ष २३.५ अंश कललेला असतो आणि वर्षभर त्याची दिशा बदलत नाही, यावर तर सगळे ऋतू उभे आहेत. पुढच्या तासाला छताचा एक कोपरा ध्रुवतारा ठरवला, गोळा कुठेही नेला तरी सुई त्या कोपऱ्याकडेच हवी असं सांगितलं, आणि मग कुठे गाडी रुळावर आली. सोबतच्या चित्रात कक्षाही लांबट अंड्यासारखी होती, त्यामुळे निम्मा वर्ग "सूर्य जवळ म्हणून उन्हाळा" म्हणत बसला. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किमीवर, म्हणजे सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी किमीवर. उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हाच आपण सूर्याच्या जवळ असतो!

हे साहित्य किती हातांतून गेलं असेल आणि कुणालाच काही खटकलं नसेल? खटकलं असलं तरी ते लिहून पुढे पाठवायची आपल्याला सवय नाही. म्हणून माझं म्हणणं: साहित्य वाटताना तीन गोष्टी लिहायच्याच. ते नेमकं काय शिकवण्यासाठी आहे, ते कुठे फसवतं, आणि आपल्या वर्गात त्याचं काय झालं. हे लिहायचं नसेल तर वाटूच नये.

सहा तासिका

शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे.

दिवसाला सहा तासिका, त्यात अधूनमधून बदली तास, वह्या तपासणं वेगळं. नकाशाची तयार कार्यपत्रिका मिळते तेव्हा माझा अर्धा तास वाचतो आणि तो मी मागे पडलेल्या मुलांना देतो. तुम्ही तीन टिपणांची अट घातलीत तर पहिल्यांदा गप्प होतील ते नवे शिक्षक. आधीच त्यांना वाटत असतं, आपलं काम दाखवण्यासारखं नाही.

ही गरज आजची नाही. इंग्लंडमध्ये १८९३ साली जिऑग्राफिकल असोसिएशन ही भूगोल शिक्षकांची संघटना स्थापन झाली, तेव्हाचं एक मोठं कारण होतं मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या यंत्राच्या, काचपट्ट्या. एकट्या शिक्षकाला त्या परवडत नसत, म्हणून एकत्र येऊन वाटून घ्यायच्या. चित्र मिळालं की वर्ग चालतो, बाकी शिक्षक बघून घेतो. तेवढा विश्वास ठेवा की एकमेकांवर.

होकायंत्र

उदाहरण छान दिलंत, पण ते अर्धंच आहे. त्याच संघटनेला १९०१ साली शिक्षकांसाठी नियतकालिक काढावं लागलं. काचपट्टी हातात आल्यावर तिचं करायचं काय, हे बोलायला जागा हवीच होती.

समोच्चरेषा

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही वाटायचं कसं यावर भांडताय, मला प्रश्न पडतो की काय वाटतोय.

'सर्जनशील' म्हणून फिरणाऱ्या साहित्यात निम्मं हस्तकाम असतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी घ्या. दोन तास मुलं मातीचा डोंगर रंगवतात, मग फेस येतो, टाळ्या पडतात. पण ती आम्ल आणि आम्लारीची अभिक्रिया आहे. शिलारसात विरघळलेले वायू, वर येताना कमी होणारा दाब, त्यातून होणारा स्फोट, यातलं काहीही तिथे घडत नाही. त्यापेक्षा सोडा वॉटरची बंद बाटली हलवून उघडून दाखवा. अर्ध्या मिनिटात दाबाचं तत्त्व डोळ्यांसमोर येतं.

किंवा समोच्चरेषा. मूठ आवळायची, बोटांच्या उंच सांध्यांभोवती पेनाने एका उंचीच्या रेषा काढायच्या, एकाबाहेर एक. मग हात टेबलावर सपाट पसरायचा. उंचवटे जातात, रेषा राहतात, आणि चढ जिथे तीव्र होता तिथे त्या दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. एक पेन आणि पाच मिनिटं. उरलेल्या वेळात खरा स्थलदर्शक नकाशा वाचा. आमच्या विषयात सरावाला पर्याय नाही, आणि तो सरावच या सजावटीत बुडतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

भिंतीवरचा नकाशा

ज्वालामुखीचं मान्य, पण हस्तकामाला सरसकट मोडीत काढू नका.

वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा माझ्या वर्गात खंडांचे तुकडे जुळवताना बोलला. दक्षिण अमेरिका आफ्रिकेला लावत म्हणाला, "सर, इथे फट राहते." मी आधी म्हणणार होतो की राहू दे, साधारण बसतंय ना. थांबलो ते बरं झालं. किनारे नीट जुळत नाहीतच, कारण समुद्राची पातळी वरखाली होत असते आणि आज दिसणारा किनारा ही खंडाची खरी कड नाही. कड आहे पाण्याखाली, समुद्रबूड जमिनीच्या टोकाला. ती घेऊन जुळवलं की फटी बऱ्याच कमी होतात. मग मेसोसॉरस या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म दोन्ही खंडांवर कुठे सापडतात ते आम्ही तुकड्यांवर रंगवलं, आणि वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंडवहनाची, म्हणजे खंड सरकतात ही, कल्पना मांडली तेव्हा लोक का मानेनात यावर अख्खा तास रंगला.

कात्री हातात नसती तर ती फट त्या मुलाला दिसलीच नसती. तेव्हा साहित्य चुकीचं असलं तरी बिघडत नाही, ते कुठे चुकतं हे आपल्याला माहीत हवं. या बाबतीत मी होकायंत्र यांच्या बाजूने.

जुनी पाटी

टिपणांच्या आधी नावाचं बघा.

मर्केटरच्या नकाशावर मी एक कार्यपत्रिका बनवली होती. १५६९ चं ते प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, खलाशांना एकाच दिशेने जहाज हाकता यावं म्हणून केलेलं, म्हणून त्यात कोन टिकतात आणि क्षेत्रफळ बिघडतं. मुलांनी ग्रीनलँड आणि आफ्रिका आधी नजरेने मापायचे, मग आकडे बघायचे: सुमारे २१.७ लाख चौरस किमी आणि ३ कोटींहून जास्त, म्हणजे जवळजवळ चौदा पट. तीन रविवार गेले होते त्यात. वर्षभराने तीच कार्यपत्रिका एका प्रशिक्षणात माझ्याच हातात आली, खाली दुसऱ्याचं नाव. वर नकाशाचा हेतू सांगणारा परिच्छेद गाळलेला, त्यामुळे मर्केटरने मुद्दाम फसवलं असंच मुलांना वाटावं. नावापेक्षा तो परिच्छेद गेल्याचं दुःख जास्त झालं. दोन वर्षं मी काहीही वाटलं नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आता उपलब्ध आहेत. वापरा, बदला, पण मूळ कर्त्याचा उल्लेख ठेवा, एवढंच त्यातला CC BY परवाना मागतो.

सहा तासिका

वाईट वाटलं वाचून. पण खालची ओळ पुसायला दोन सेकंद लागतात, परवान्याने ते कसं थांबणार?

जुनी पाटी

थांबणार नाही. पण ज्याला नियम पाळायचा आहे, त्याला निदान कळेल तरी की नियम आहे. माझं साहित्य उचलणाऱ्याला कदाचित तेवढंही ठाऊक नव्हतं.

होकायंत्र

तीन टिपणांची अट मागे घेते, नव्या शिक्षकांचा मुद्दा मला सुचला नव्हता. एकच ओळ ठेवू: 'हे कुठे फसवतं'. ती मात्र सोडणार नाही.

सहा तासिका

अट म्हणून मला तीही नको. पण स्वतःहून लिहितो, घ्या.

कृती: प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया इथल्या मध्यान्हीच्या सूर्याच्या कोनांतल्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला, तोच प्रयोग दोन शाळांनी मिळून करायचा. एक मीटरची काठी, एकच दिवस, दोन्ही गावं शक्यतो एकाच रेखावृत्ताजवळ.

कुठे फसवतं: घड्याळात बारा वाजता माप घेऊ नका. सूर्य माथ्याजवळ येण्याची वेळ प्रत्येक रेखावृत्तावर वेगळी असते, म्हणून सर्वांत आखूड सावली धरा. काठी ओळंब्याने सरळ करा. एका अंशाला जमिनीवर सुमारे १११ किमी, त्यामुळे शाळा जवळजवळ असतील तर काठीचा जरासा कलसुद्धा सगळं उत्तर खाऊन टाकतो. आम्ही पहिल्यांदा १०० किमीवरच्या शाळेबरोबर केला आणि परीघ जवळपास दुप्पट आला.

निदान ४०० किमी उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेली शाळा हवी आहे. कुणी तयार असाल तर इथेच सांगा, येत्या विषुवदिनाला करू.