उभ्या गाडीत हीटर गार, रेस दिली की कोमट

प्रश्न – नवा_चालक

पेट्रोल गाडी, मॅन्युअल नॉब असलेला साधा हीटर. इंजिन पूर्ण तापलं, काटा मध्यावर आहे, तरी गाडी उभी असताना हीटरमधून गार हवा येते. न्यूट्रलमध्ये रेस दिली की हवा हळूहळू कोमट होते, ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा गार. ब्लोअर जोरात चालतो. डॅशबोर्डच्या मागून अधूनमधून पाणी खळखळल्याचा आवाज येतो. नुकताच कुलंट बदलून घेतलाय. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदला म्हणतात. बदलावा का?

तेलपाणी

आत्ता थर्मोस्टॅटला हात लावू नका. तुमची लक्षणं बरोबर उलटी आहेत.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर कुलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. तो उघडा अडकला तर कुलंट सतत रेडिएटरमधून फिरतो आणि इंजिन नीट तापतच नाही. अशा गाडीत हायवेला वेग धरला की हवा गार पडते, कारण रेडिएटरला वारा जास्त लागतो, आणि सिग्नलला थांबलं की जरा बरी गरम येते. तुमच्याकडे उभ्या गाडीत गार आणि रेस दिल्यावर कोमट. म्हणजे पाणी गरम आहे, पण पंप सावकाश फिरत असताना ते हीटर कोअरपर्यंत, म्हणजे डॅशबोर्डमागच्या ज्या छोट्या रेडिएटरवरून ब्लोअरची हवा तापून येते तिथवर, पोचत नाही. कुलंट कमी असणं, हवा अडकणं किंवा वॉटर पंप अशक्त होणं, या तीनपैकी एक. खळखळ आणि नुकताच बदललेला कुलंट पाहता माझा कौल एअरलॉकला, म्हणजे अडकलेल्या हवेला.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मध्यावरच थांबेल असा बसवलेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून खरं तापमान बघा. ८५ ते ९५ अंशांच्या आसपास स्थिर असेल तर थर्मोस्टॅट ठीक.

पार्ट मागवण्याआधी एक तपासणी कराच. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत जाणारे हीटरचे दोन पाइप शोधा. इंजिन तापल्यावर, पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, दोन्ही चाचपा. दोन्ही सारखे कडक गरम असतील तर पाण्याचा प्रश्नच नाही, दोष हवेच्या बाजूला. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोअर चोंदलाय, आत हवा अडकलीय किंवा हीटर व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर कुलंटची पातळी, थर्मोस्टॅट आणि पंप बघा.

नवा_चालक

बघितलं. स्कॅनरवर ९१. एक पाइप कडक गरम, दुसरा जेमतेम कोमट. रेस दिली की दुसराही तापायला लागतो. कुलंटच्या टाकीतली पातळी एमआयएन (किमान) खुणेच्या थोडी खाली आहे.

बारा_चौदा

मग आधी हवा काढा. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरची टोपी उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि टोपी सैल होताच उसळून तोंडावर येतं.

गाडीचं नाक वर करा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच येईल. चढावर उभी करून हँडब्रेक आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे पुरतात. टोपी काढा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर, एसी बंद. कुलंट बारीक धारेनं भरा. भसकन ओतला की हवा पुन्हा कोंडते. इंजिन सुरू करून आयडलवर, म्हणजे रेस न देता, राहू द्या. थर्मोस्टॅट उघडला की वरचा रेडिएटर होज (रबरी नळी) अचानक गरम होतो आणि तोंडातली पातळी खाली जाते, तेव्हा भर घाला. मग १५०० ते २००० आरपीएमवर थोडा वेळ धरा आणि हातमोजे घालून वरचा होज दाबत-सोडत राहा. बुडबुडे थांबले आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला की टोपी लावा. गाडी पूर्ण गार झाल्यावर टाकीतली पातळी पुन्हा बघायची, बहुतेक वेळा ती थोडी उतरलेली असते.

काही गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा ब्लीड स्क्रू असतो. भरताना तो सैल ठेवायचा, फेसाऐवजी अखंड धार आली की बंद. प्लास्टिकचा असतो, आवळायला पाना जोरात लावलात तर मुंडी हातात येते. रेडिएटरला टोपीच नसेल तर दाबाच्या टाकीतूनच भरा.

कुलंट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रकाराचाच घ्या, रंग बघून नको. एकाच रंगाचे दोन कुलंट वेगळ्या रसायनाचे असू शकतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. आणि सांडलेला लगेच पुसा: चवीला गोड आणि विषारी असतो, कुत्री-मांजरं चाटतात.

धुराडं

हवा काढूनही दुसरा पाइप कोमटच राहिला तर कोअर चोंदलाय. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही पाइपांवर धरा. ब्लोअर चालू असताना १०-१५ अंशांचा फरक साधारण, २५-३० दिसला तर आत गाळ आहे.

दोन्ही होज काढून बाहेर पडणाऱ्या बाजूनं पाणी सोडा, म्हणजे उलट्या दिशेनं. नळ जेमतेम उघडा. कोअरची ॲल्युमिनियमची भिंत पातळ असते आणि तो साधारण एक बारच्या दाबासाठी बनलेला असतो. आधी तांबूस किंवा चिखलासारखं पाणी येईल, ते स्वच्छ येईपर्यंत दिशा आलटून-पालटून धुवा. जुना होज चिकटला असेल तर पिळून ओढू नका, कोअरची नळी मोडते आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. होज लांबीत चिरून काढा, नवा घाला. नवा होज त्या कामापुढे काहीच नाही.

गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव मात्र ओतू नका. रेडिएटरचं भोक बुजवताना तो हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवतो.

तेलपाणी

पातळी एमआयएनच्या खाली का गेली, हेही बघायला हवं. कुलंट बदलल्यावर हवा निघून एकदा उतरली तर ठीक. भरून पुन्हा उतरली तर तो कुठेतरी जातोय. पायाशी कार्पेट ओलं, काचेवर आतून तेलकट थर, गोडसर वास: हीटर कोअर गळतोय. वॉटर पंपाखाली सुकलेले रंगीत डाग: पंपाचा सील. बाहेर काहीच नाही, पण थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलंय. निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करून घ्या. तो पिवळा पडला तर जळलेला वायू कुलंटमध्ये शिरतोय. तसं निघालं तर गाडी चालवू नका.

पाना_पकड

ज्यांचे दोन्ही पाइप सारखे गरम निघतील त्यांच्यासाठी: दोष ब्लेंड डोअरचा, म्हणजे गार-गरम हवेची वाट बदलणाऱ्या झडपेचा. नॉब गारवरून गरमवर फिरवून कान द्या. टिक-टिक-टिक आली तर ॲक्च्युएटरच्या (झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) प्लास्टिक गिअरचे दात गेलेत. काहीच आवाज नाही तर फ्यूज आणि कनेक्टर बघा. केबलवाल्या गाडीत केबलची क्लिप निसटलेली असते. नॉब विनाअडथळा गरगर फिरत असेल तर तेच.

नवा_चालक

चढावर लावून हवा काढली. बराच वेळ बुडबुडे आले, साधारण पाऊण लिटर कुलंट आत गेला. आता आयडललाही दोन्ही पाइप गरम आणि हवा कडक गरम. खळखळ बंद. टाकीवर पेनानं खूण केलीय, रोज सकाळी थंड इंजिनला पातळी बघतो.